सामान, ५८ किलो ४०० ग्रॅम

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तू फोन उचलत नाहीस आणि उचललास तर "दुकान बंद आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेऊन बसले.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ, "डोळ्यांनी राजीनामा दिला, तीस सप्टेंबरला दुकान कायमचं बंद." मामा, असं सांगतात का कुणी? मी ते कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते फळीवर होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या चष्म्याच्या डबीखाली. ती तुझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षांची सवय आहे तिला.

आता कामाचं. मी एक सायकल घेतली आहे, सेकंडहँड, रस्त्यावरची, चांगली लांबलचक. चाकं मात्र अगदी गेलेली आहेत. मला सप्टेंबर लागला की लांब जायचंय, १,१४० किलोमीटर, आणि ऊन, वारा, पाऊस जे समोर येईल त्यातून. कॅटलॉगमध्ये एक जोडी बघून ठेवलीय. कार्बनची, रिम पन्नास मिलिमीटर उंच, दोन्ही चाकं मिळून १,३९० ग्रॅम. मी दिवसभर दुकानदारांचे वजनकाटे तपासते, मला ग्रॅमची भाषा कळते. तीच घेऊ का? की तुझ्या हातची शेवटची जोडी मला मिळेल?

तुझी भाची


११ जून

ग्रॅमबाई,

पत्र मिळालं. भिंग घेऊन दोनदा वाचलं, कारण एकदा वाचून विश्वास बसला नाही. पन्नास मिलिमीटर उंच रिम! अगं, बाजूनं वारा आला की ती रिम शिडासारखी फुगायची आणि तू सायकलसकट शेजारच्या शेतात. आणि १,३९० ग्रॅमची जोडी ज्यांच्यासाठी करतात ती माणसं ऊन बघून घराबाहेर पडतात आणि मागून त्यांचं सामान मोटारीतून येतं. तो कॅटलॉग खिडकीच्या फटीत घाल, वारा तरी अडेल.

मी बांधीन. हो म्हणण्याआधी तीन दिवस विचार केला, ते तुला कळायची गरज नव्हती, पण लिहून गेलो. डावा डोळा एका स्पोकचे दोन दाखवतो, म्हणून हल्ली बोटांनी बांधतो. बोटं अजून एकाचं एकच सांगतात.

काही गोष्टी कळव. तुझं वजन. सोबत काय नेणार, त्याचं वजन. ते पुढे की मागे. आणि मागच्या फाट्याची रुंदी, म्हणजे जिथे चाकाचा हब बसतो ती जागा आतून आतून किती मिलिमीटर.

१,१४० किलोमीटर म्हणतेस. तुमच्या घरापासून माझं दुकान बरोबर तेवढंच आहे. अर्थात तेवढ्या अंतरावर दुसरीही पुष्कळ गावं असतील.

मामा

ता.क. दुकानात कुणी आलं की भिंतीवरच्या वाकड्या रिमांबद्दल विचारतं. एकोणचाळीस आहेत. तू कधी आलीस तर विचारू नकोस. प्रयोग चाललाय.


१७ जून

प्रिय मामा,

माझं वजन ५५ किलो १५० ग्रॅम. मागच्या फाट्याची रुंदी १४५ मिलिमीटर, तीनदा मोजली.

सामान मागे. एकच नग आहे. ५८ किलो ४०० ग्रॅम, सकाळी, चहाच्या आधी.

तुझ्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. पण वजनाबाबत मी खोटं लिहू शकत नाही, नोकरीची शपथ आहे. बाकी कशाबद्दल विचारलंस तर बघू. सामान काय आहे ते एवढ्यात सांगता येत नाही. त्यालाही कारण एक शपथच आहे, ती माझी नाही आणि आता ह्याहून जास्त लिहिलं तर गोची होईल.

तू तुझ्या पद्धतीनं चाकं निवड, म्हणजे झालं. फक्त फार जड करू नकोस. चाळीस ग्रॅम वाचले तर मला रात्री शांत झोप लागते.

भाची


२५ जून

ग्रॅमबाई,

१४५ मिलिमीटर. बरं. एकट्याच्या सायकलीला एवढी लागत नाही. असतात काही.

मागे ५८ किलोंचा एक नग नेणाऱ्या माणसानं चाळीस ग्रॅम वाचवण्याच्या गप्पा माराव्यात, हे फक्त आपल्या घराण्यातच होऊ शकतं. तेव्हा ऐक. रिम ॲल्युमिनियमची, बसकी, रुंद. मागे चाळीस स्पोक, पुढे छत्तीस. वाटेत एखादा स्पोक तुटला तरी बाकीचे एकोणचाळीस आपसात वाटून घेतात, बारा-पंधरा स्पोकांच्या नाजूक चाकात एक गेला की चाक आडवं होतं. स्पोक रिमला धरून ठेवणारी निपलं पितळेची. ॲल्युमिनियमची हलकी असतात, पण खारट पाण्यात जागच्या जागी कुजतात, मग कुठलीही चावी लावा, फिरत नाहीत. हबची बेअरिंगं पक्की बंद, दुहेरी रबराची. टायर बत्तीस मिलिमीटर. ब्रेक डिस्कचे असतील अशी आशा आहे, नसतील तर सायकल परत कर.

आता सामान. मी आजवर न बघितलेल्या मालासाठी चाक बांधलेलं नाही. काय आहे ते विचारत नाही, पण ते कसं आहे ते कळायला हवं. तेव्हा ह्या तपासण्या कर आणि खरं काय ते लिही.

सामान खुर्चीवर ठेव, खुर्ची न्हाणीघरात ठेव आणि तासभर वरून झारीनं पाणी घाल. आकार बदलतो का? वजन किती वाढतं? नंतर तीन टेबलफॅन एकाच बाजूला लावून पूर्ण वेगात सोड. डुलतं का? वळणावर सामान कुठल्या बाजूला कलतं? उतारावर आवाज करतं का? आणि ते नुसतं बसून राहतं, की स्वतःहून काही काम करतं?

गंमत म्हणून विचारत नाहीये. ह्या सगळ्यावर स्पोकचा ताण ठरतो.

मामा


६ जुलै

प्रिय मामा,

तपासण्या झाल्या. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य दोनदा वर येऊन गेले, कारण त्यांच्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात छतावरून पाणी पडत होतं. त्याला म्हणे वाटलं उपचाराचाच भाग आहे.

पाणी. सामान रेनकोट घालून खुर्चीवर बसलं. (बसलं म्हणजे ठेवलं.) तासभर पाणी घातलं. आकार तोच राहिला, चेहरामोहरा थोडा बदलला. वजन ३१० ग्रॅम वाढलं, त्यातले दोनशे रेनकोटच्या खिशात साठलेल्या पाण्याचे. सामानाचं म्हणणं पडलं की झारीला अधूनमधून खंड पडतो आणि खऱ्या पावसाला अशी कामचुकार सवय नसते.

वारा. तीन पंखे लावले. सामान तसूभर हललं नाही. पंख्यांच्या पात्यांवर किती धूळ आहे ते मात्र मला पंधरा मिनिटं ऐकावं लागलं, आणि मग पंखे बंद करून पुसावे लागले.

वळण. सामान स्वतःच्या मताच्या बाजूला कलतं. मी डावीकडे वळले आणि त्याला उजवीकडचा रस्ता बरा वाटला, तर उजवीकडे. ह्यावर सराव चालू आहे. काल आम्ही आठवडी बाजाराच्या मैदानावर एका वर्तुळात वीस मिनिटं फिरलो, कारण थांबायचं कसं ह्यावर एकमत होईना.

उतार. ओरडतं. माझ्या नावानं.

काम. करतं, मनात असेल तेव्हा. मनात असलं की सायकल एवढी जोरात जाते की मला दम लागतो. बरोबर चार वाजता चहा लागतो, त्याच्याशिवाय पुढे जात नाही.

मामा, आता तरी काही डोक्यात आलं का?

भाची


१४ जुलै

ग्रॅमबाई,

आलं. पहिल्यांदा वाटलं पोपट असावेत. मग ५८ किलो पोपट म्हणजे किती, त्याचं गणित केलं आणि सोडून दिलं. आता खात्री पटली आहे की ते लंबकाचं उंच घड्याळ आहे. वाऱ्यात हलत नाही, उतारावर आवाज करतं, चार वाजता ठोके देतं. चहाचं तेवढं जुळत नाही. पण जुन्या घड्याळांचे लाड असतात.

घड्याळ समजून मी रिमा आणवल्या आहेत. हब आले. काल पुढच्या चाकात स्पोक ओवले. तीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण दिवस लागला. पूर्वी दोन तासांत व्हायचं. हळू काम करताना माणूस नको ते आठवत बसतो.

तुझ्या आईनं तुला काय सांगितलंय मला माहीत नाही. माझ्या तोंडून ऐक. तुझे बाबा गेले तेव्हा तू शिकायला दूर होतीस, येऊन चार दिवसांनी परीक्षेला परत गेलीस. मी पंधरा दिवस राहिलो. मला सांत्वन करता येत नाही. लोक येत, हळू आवाजात बोलत, मी आपला पायपुसणं सरळ करत बसे. तुमच्या बोळात तुझ्या बाबांची सायकल उभी होती. मागचं चाक एका जागी वाकलेलं, तिथे ते ब्रेकला घासायचं. प्रत्येक फेऱ्याला टक. लग्नानंतर वर्षभरात ते वाकलं होतं आणि तुझे बाबा म्हणायचे, बघू रविवारी.

एका दुपारी ताई झोपलेली असताना मी ते चाक उतरवलं आणि त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. केसाइतकीही डगमग ठेवली नाही. आयुष्यात इतकं सरळ चाक मी केलेलं नाही. ती उठली तेव्हा सायकल हातात धरून तिच्यासमोर बोळभर फिरवली आणि म्हणालो, "बघ, कसा गेला आवाज."

मला वाटलं होतं ती शाबास म्हणेल.

पुढचं तुला ठाऊक असेल. ह्यापुढे तिच्या कुठल्याही चाकाला मी हात लावायचा नाही, अशी तिनं मला शपथ घातली. मी म्हटलं नाही लावणार. मग ती म्हणाली आगगाडीनं, बसनं, मोटारीनं, बोटीनं, विमानानं की पायी, ती माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी मोजत होतो. सहा झाले. काहीतरी राहिलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

असो. घड्याळाला ऐकू येतं का? म्हणजे आवाजानं त्याच्यात काही हलतं का?

मामा


२२ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मग एका किराणा दुकानाचा काटा तपासायला गेले आणि तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता तरी पास करून आले. दुपारी परत जाऊन नापास केला.

बाबांच्या सायकलचं मला आईनं एवढंच सांगितलं होतं की, "तुझ्या मामानं ती बिघडवली." मला वाटायचं तू ती मोडलीस की काय. ती आवाजाबद्दल कधीच बोलली नव्हती. आता काय काय उमगतंय. ती संध्याकाळी साडेसहाला गॅस बारीक करते आणि मिनिटभर काहीच करत नाही. मला वाटायचं दूध बघते.

सामानाला ऐकू येतं. कान फार तिखट आहेत. अकरा वर्षं एकाच आवाजाकडे लागलेले आहेत.

मामा, मला आता भीती वाटायला लागली आहे. तू लंबकाचं घड्याळ म्हणतोस. पोपट म्हणतोस. तुझे डोळे गेले हे मी मान्य केलं, पण तुझं डोकंही जात असेल तर ह्या सगळ्याला काय अर्थ आहे? दोन ओळींत कुणालाही कळेल ते तुला तीन पत्रांत कळत नाही. मी ह्या आठवड्यात दोनदा रडले. एकदा तर तराजू तपासताना, आणि त्यात थेंब पडून काटा हलला.

झालं तेवढं पुरे. लपवाछपवी माझ्याच्यानं होत नाही. दुसऱ्या पानावर मी सगळं खरं लिहितेय, सामान काय आहे, कुठे यायचंय, का यायचंय. वाचून तू चाकं बांधायची नाही म्हणालास तरी चालेल.


३० जुलै

ग्रॅमबाई,

पत्र मिळालं. पहिलं पान कोरडं ठणठणीत होतं. दुसरं पान मात्र एवढं भिजून आलं की त्याचा लगदा झाला होता. एक अक्षर वाचता आलं नाही. टपालाचं हल्ली काही खरं नाही, एका पाकिटातलं एक पान भिजतं आणि दुसऱ्याला थेंबही लागत नाही.

पुन्हा लिहू नकोस. पुन्हा भिजेल. ह्या दिवसांत दुसरी पानं भिजतातच.

माझ्या डोक्याची काळजी करू नकोस. ते ठीक आहे. मी शब्द दिलेला माणूस आहे, आणि दिलेला शब्द पाळायचा असेल तर माणसाला काही गोष्टी न कळण्याची फार मेहनत घ्यावी लागते. घड्याळासाठी चाक बांधायला मला कुणी मनाई केलेली नाही.

मागचं चाक आज ओवायला घेतलं. घड्याळाला विचार, पाठीला आधार किती उंचीचा हवा. सीटचं काम मी करत नाही, पण ओळखीचा एक जण करतो. आणि गुडघे दुखत असतील (घड्याळाचे) तर मागच्या पायडलांचे दांडे आखूड लावून घे, चढावर बरं पडतं.

मामा


५ ऑगस्ट

मामा,

तू पक्का बनेल आहेस. मी दोन आठवडे उगाच रडले.

घड्याळ म्हणतं आधार नको, ते ताठ बसतं. गुडघ्यांचं तुला कुणी सांगितलं, असं विचारतं. मी म्हटलं मला काय माहीत, मी फक्त काटे तपासते.

सराव जोरात आहे. परवा साठ किलोमीटर गेलो, त्यातले वीस सरळ अंगावर येणाऱ्या पावसात. घड्याळ मागून मला सांगत होतं की मी कणा वाकवून बसते, गिअर उशिरा बदलते आणि ह्या वयात केस असे बांधत नाहीत. शेवटच्या चढावर मात्र गप्प झालं. मला वाटलं दमलं. वळून बघितलं तर डोळे मिटून पायडल मारत होतं आणि रंगात आलं होतं. मामा, मी तिला इतकी खूश बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. त्याला. घड्याळाला.

चाकं कधी येतील? सहा सप्टेंबरला निघायचं ठरलंय. रोज सत्तर किलोमीटर धरले तर बावीस-तेवीसपर्यंत पोचू.

भाची


१९ ऑगस्ट

ग्रॅमबाई,

ह्याबरोबर दोन चाकं पाठवत आहे. खोकं वरून उघड, सुरीनं टायर कापू नकोस.

पुढचं ९८० ग्रॅम, मागचं १,२४५. कॅटलॉगमधली जोडी आणि ह्यांच्यातला फरक तू लगेच वजाबाकी करून काढशील आणि तुझी झोप उडेल. उडू दे. ही चाकं चिखलात, गारांत, खड्ड्यांत, कशातही दगा देणार नाहीत. प्रत्येक स्पोक बोटांनी छेडून बघितला आहे. आउट शून्य. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर एखाद्या दुकानात ताण तपासून घे, पण कुणाला चावी लावू देऊ नकोस.

मागच्या चाकात मी एक दोष ठेवला आहे. तीस वर्षांत पहिला. चाकाला त्याचा काही धोका नाही, फक्त माझ्या नावाला आहे. तो सापडला तर दुकानदाराला काढू देऊ नकोस.

एकच सूचना. चाकं बसवलीस की पहिली फेरी रस्त्यावर नको. घड्याळ मागे बसव, गल्लीच्या तोंडाशी जा आणि तिथून घरापर्यंत अगदी हळू ये, माणूस कामावरून दमून येतो तसं. साडेसहाच्या सुमाराला.

ह्याच्यावर मला काही कळवलं नाही तरी चालेल.

मामा

ता.क. भिंतीवरच्या रिमा काल भंगारात दिल्या. प्रयोग संपला.


२७ ऑगस्ट

बारक्या,

मी घड्याळ लिहितेय.

पत्रं मी पहिल्यापासून सगळी वाचली आहेत. पोरगी ती टेबलावर उघडी ठेवायची आणि बाजूला होऊन कान देऊन बसायची. तिला वाटतं मला कळत नाही. पोपट म्हणालास ते मी विसरणार नाही.

काल चाकं बसवली. साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी गेलो. मोठ्या रस्त्यावरून येताना चाक अगदी गप्प होतं, मी पोरीला म्हटलं ह्यात कसला दोष, तुझा मामा डोळ्यांनी आंधळा झाला तरी चाक वाकडं करू शकत नाही. मग गल्लीत वळलो, पोरीनं चाल कमी केली. दंतवैद्यांच्या पाटीपाशी आलो आणि टक.

मला वाटलं खडा लागला. पुन्हा टक. फेऱ्याला एक.

मागच्या पायडलांवर माझे पाय थांबले. पोरीला वाटलं मी पडले, ती ओरडली, दंतवैद्य खिडकीत आले. मी तिला म्हटलं, मागे फिर, पुन्हा ये. आम्ही गल्लीत अकरा फेऱ्या मारल्या. दंतवैद्यांनी आठव्या फेरीपर्यंत विचारलं नाही, मग म्हणाले, "बाई, घर सापडत नाहीये का?" मी म्हटलं, "सापडलं, म्हणूनच फिरतेय."

घरी येऊन पोरीनं सायकल उलटी केली. एका स्पोकवर पितळेचा मणी ओवलेला सापडला. वेगात तो रिमला चिकटून बसतो, गप्प. चाल मंदावली की घसरतो आणि बोलतो. म्हणजे रस्त्याला त्रास नाही आणि घर आलं की आवाज. हे तुला सुचायला एकोणचाळीस रिमा वाकवाव्या लागल्या, म्हणून तू लहानपणापासून नापास व्हायचास.

आवाज तंतोतंत तोच नाही. ह्यांचा थोडा जाड होता. पण किती वर्षं शोधलास ते ऐकू आलं.

मी त्या दिवशी फार बोलले. तू चाक सरळ केलंस, तुला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि जो गेला त्याच्यावर चिडता येत नव्हतं. तू समोर होतास. सायकल हातात धरून हसत उभा होतास. अकरा वर्षं मी गॅसपाशी उभी राहते आणि रोज मला तुझंच ते हसणं दिसतं, त्याचा मला राग येत नाही, मला माझी लाज वाटते. हे मी कुणाशी बोललेले नाही.

यादीत सायकल नव्हती. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून निघेना, म्हणून राहिली. पण दारात पाऊल ठेवणार नाही असं म्हणाले होते ते म्हणाले होते, आणि तू शब्द पाळायला एवढी मेहनत घेतलीस तर मी मोडणार नाही. तेव्हा उपाय असा काढला आहे की मी सायकलवरून उतरायचंच नाही. पोरगी सरळ दुकानात घालेल. दार किती रुंद आहे ते मोजून कळव. आमचं हँडल चव्वेचाळीस सेंटिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंना माझी कोपरं.

सहाला निघतोय. चहा चारला.

घड्याळ


२ सप्टेंबर

दार मोजलं. पासष्ट सेंटिमीटर भरलं. हँडल गेलं असतं, तुझी कोपरं गेली नसती. पूर्वीही कधी जात नव्हती.

म्हणून काल सुताराला बोलावून दार काढलं. मग चौकट काढली. मग तो म्हणाला आता बाजूची भिंतही हलतेय, तर तीही काढली. घरमालक येऊन डोक्याला हात लावून बसला होता, त्याला म्हटलं, महिनाअखेर जातोच आहे, तोवर वारा खा.

आता इथे दार नाहीच. पाऊल ठेवायला कशात ठेवशील? पाऊस थेट आत येतो, मी रेनकोट घालून बसलोय. आल्यावर खुशाल खाली उतर.

मला दुरून काही दिसत नाही. पण रस्त्याकडे कान लावून बसेन. तुम्ही वेग कमी केलात की मला कळेल.

ये, ताई.